माझ्याकडे, मला, माझं आणि एकटं ‘हॅव’

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा वाढवला आहे.)



सेक्रेटरींनी मला ‘बँकेतील अनुभव’ असा विषय दिला होता. बँकेतले अनुभव ऐकून कुणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी मोठ्या मनानं दिला. गेली चार वर्षं दर रविवारी आपल्या हॉलमध्ये मी इंग्रजीचा वर्ग घेतो. मुलांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त येतात. त्या वर्गात ज्या दोन शब्दांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, त्या दोन शब्दांवर आज बोलणार आहे. एक ‘हॅव’ आणि दुसरा ‘इज’. म्हणजे जवळ असणं आणि नुसतं असणं. तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षांच्या समारंभात हे काय पहिलीतलं काढलं यांनी. पहिलीतलंच आहे, पण पदवी घेतलेली माणसंही इथंच अडखळतात. शेतीकर्जाचे अर्ज वाचण्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकतो.

आमच्या वेळी पाचवीला इंग्रजी सुरू झालं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘हॅव म्हणजे जवळ असणे’. ‘आय हॅव अ पेन’, माझ्याजवळ पेन आहे. इथवर सगळं ठीक. पुढच्या आठवड्यात गाय आली. ‘द काऊ हॅज टू हॉर्न्स’. आता मास्तरांच्या अर्थानं लावायचं तर गाईच्या जवळ दोन शिंगं आहेत! जणू कुणीतरी उतरवून तिच्या शेजारी ठेवलीत. त्या पुढच्या धड्यात एका माणसाला तीन मुलगे होते आणि तेही ‘हॅव’च. मराठीत आपण ‘माझ्याजवळ तीन मुलगे आहेत’ असं म्हणालो तर समोरचा विचारील, बाकीचे कुठं आहेत?

खरी गोष्ट अशी, की आपल्या भाषेत ‘हॅव’ला एक शब्दच नाही. आपण वस्तू बघून वाक्य बदलतो. पैसे, पेन, किल्ली, छत्री, म्हणजे जे आज आहे आणि उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतं, ते ‘माझ्याकडे’ किंवा ‘माझ्याजवळ’ आहे. नातं आणि दुखणं ‘मला’ आहे: मला दोन बहिणी आहेत, मला ताप आहे. वस्तूचा भाग त्या वस्तूला असतो: गाईला शिंगं, खोलीला खिडक्या, सायकलला घंटी. घरदार ‘माझं’ आहे. स्वभावाचा गुण माणसाच्या ‘अंगात’ असतो, त्याच्यात हिंमत आहे असं आपण म्हणतो. आणि जमीन? जमीन ‘नावावर’ असते. बँकेत शेतकरी यायचा तेव्हा ‘साहेब, माझ्याकडं जमीन आहे’ म्हणाला की मी विचारायचो, ‘नावावर आहे का?’ त्या एका शब्दावर कर्ज मंजूर व्हायचं किंवा अडायचं. एवढे सगळे प्रकार आपण लहानपणी कुणी न शिकवता शिकतो. इंग्रजीत मात्र पेन, ताप, बहीण, शिंगं, हिंमत, जमीन सगळ्यांना एकच ‘हॅव’.

हे फक्त मराठीचं आहे असं नाही. आपल्या मंद्रूपमध्ये कितीतरी घरांत कानडी बोलतात. कानडीत पैसा नसला तर ‘नन्न हत्तिर रोक्क इल्ल’, म्हणजे माझ्याजवळ पैसा नाही. आणि मुलं सांगायची तर ‘ननगे इब्बरु मक्कळु इद्दारे’, म्हणजे मला दोन मुलं आहेत. बघा, पैसा जवळ आणि मुलं मला. आपल्यासारखंच. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘मेरे पास पैसे हैं’, पण ‘मुझे बुख़ार है’ आणि ‘मेरे दो बच्चे हैं’. गावातल्या तिन्ही भाषांचं या बाबतीत एकमत आहे. (दुसऱ्या कुठल्या बाबतीत गावाचं असं एकमत झालेलं मला तरी आठवत नाही.) संस्कृतातही ‘मम अस्ति’, माझं आहे, अशीच रचना. लॅटिनमध्ये ‘मिही एस्त’ म्हणजे शब्दशः ‘मला आहे’ म्हणता यायचं. रशियन माणूस ‘माझ्यापाशी आहे’ म्हणतो, अरबीतला ‘इंदी’ म्हणजेही माझ्यापाशी. हे सांगायचं कारण, वर्गात पहिल्या दिवशी बायका म्हणतात, ‘काका, आमचं मराठी गावठी हाय, म्हणून इंग्रजी जमत नाय.’ गावठीचा इथं काही संबंध नाही. जगातल्या पुष्कळ मोठमोठ्या भाषांचा कारभार असाच चालतो.

उलट इंग्रजीचंच जरा वेगळं आहे. ‘हॅव’चं मूळ पकडणे, हातात धरणे अशा अर्थाच्या धातूत सांगतात. स्पॅनिश भाषेत त्याच कामाला ‘तेनेर’ हे क्रियापद आहे, तेही लॅटिनमधल्या ‘धरणे’ अर्थाच्या शब्दावरून आलेलं. त्यांच्याकडं मालक वाक्याच्या सुरुवातीला बसतो आणि वस्तू धरतो. आपल्याकडं वस्तू असते आणि माणूस तिच्या शेजारी उभा असतो. त्यामुळे मराठी मूल इंग्रजी बोलायला लागलं की ‘माय निअर वन पेन इज’ म्हणतं. लोक हसतात. पण त्या पोरानं मराठीचं एकेक अंग बरोबर ओळखून बदललेलं असतं: ‘माझ्या’ला माय, ‘जवळ’ला निअर, ‘आहे’ला इज. चूक आहे, पण ती विचार करून केलेली चूक आहे.

स्पॅनिशचं नाव मध्येच का काढलं ते सांगतो. आमचा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. मागं एकदा आम्ही दोघं हिवाळ्यात तिकडं होतो. तिथल्या वाचनालयात परदेशी लोकांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग चालतात. आमची मंडळी तिथं जाऊ लागली आणि सोबत म्हणून मीही मागच्या खुर्चीवर बसायचो. वर्गात बहुतेक बायका मेक्सिकोकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या. एक दिवस शेजारच्या बाई शिक्षिकेला म्हणाल्या, ‘आय हॅव कोल्ड.’ शिक्षिकेनं लगेच नाक पुसायच्या कागदाचा डबा त्यांच्यापुढं ठेवला. त्या बाईंना सर्दी नव्हती, थंडी वाजत होती. स्पॅनिशमध्ये थंडी, भूक, तहान या गोष्टी माणूस ‘धरतो’: ‘तेंगो फ्रीओ’, माझ्याकडे थंडी आहे. इतकंच काय, वयसुद्धा ते तसंच सांगतात, ‘माझ्याकडे चाळीस वर्षं आहेत’. म्हणून त्यांच्या तोंडून ‘आय हॅव फॉर्टी इयर्स’ निघतं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात आमच्या मंडळींना खरोखरची सर्दी झाली. त्या म्हणाल्या, ‘आय ॲम कोल्ड.’ शिक्षिकेनं उठून हीटर वाढवला!

दोघींची चूक बरोबर उलट्या बाजूची. त्या बाई सगळं ‘हॅव’मध्ये घालत होत्या, आमच्या मंडळी ‘ॲम’मध्ये. कारण मराठीत सर्दी ‘होते’ आणि थंडी ‘वाजते’, भूक ‘लागते’, ताप ‘येतो’, घाम ‘सुटतो’. काय झालंय ते आपण क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीत गेलं की ही क्रियापदं सगळी गळून पडतात आणि हातात फक्त ‘ॲम’ आणि ‘हॅव’ उरतात. मग त्यातलं कुठलं घ्यायचं?

यावर मी वर्गात एकच युक्ती सांगतो. पुढचा शब्द माणसाचं वर्णन करतो, म्हणजे विशेषण आहे, तर ‘ॲम’. हंग्री, टायर्ड, अँग्री, थर्स्टी ही विशेषणं, म्हणून आय ॲम हंग्री. पुढचा शब्द एखाद्या गोष्टीचं नाव असेल तर ‘हॅव’. फीवर, हेडेक, कफ ही नावं, म्हणून आय हॅव अ फीवर. ‘कोल्ड’ हा लबाड शब्द दोन्हीकडचा आहे. नुसता कोल्ड म्हणजे गार, आणि मागं ‘अ’ लागला की सर्दी. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे थंडी वाजते, ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. आणि वयाला कायम ‘ॲम’. आय ॲम सेव्हंटी-फोर. माझ्याकडे ती वर्षं आहेत असं काही मला म्हणायचं नाही, ती तर खर्च झालीत.

आता वर्ग कशामुळं सुरू झाला ते सांगतो. आपल्याच सोसायटीतल्या एक ताई, नाव सांगत नाही, त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत. ही शाळा आपल्या गावातली नव्हे. पालकांच्या मीटिंगला ताई एकट्या गेल्या. मुलगी आठवडाभर का आली नाही असं तिथं इंग्रजीत विचारलं. ताईंनी धीर करून इंग्रजीतच सांगितलं, ‘माय डॉटर इज फीवर.’ समोरच्या खुर्चीवरचं माणूस हसलं आणि शेजारच्याला ते वाक्य म्हणून दाखवलं. मुलगी तिथंच उभी होती. पुढच्या मीटिंगला ती घरात म्हणाली, ‘आई, तू नको, पप्पांना पाठव.’ पप्पा सोलापूरला नोकरीला, त्यांना रजा नाही. मग दोन वर्षं त्या मुलीच्या शाळेत घरातलं कुणीच गेलं नाही. ही गोष्ट ताईंनी आमच्या घरी हळदीकुंकवाला सांगितली आणि मंडळींनी रात्री मला सांगितली. एका ‘इज’च्या जागी ‘हॅज’ हवं होतं, एवढाच काय तो फरक. त्यासाठी आई आणि शाळा यांच्यात दोन वर्षांचं अंतर पडलं.

आपल्या राज्यात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आपल्या सोसायटीचं आणि पहिलीतल्या इंग्रजीचं वय जवळजवळ एकच. तेव्हा त्यावर बरीच भांडणं झाली, त्यात मी आज पडत नाही. पण मुलं पहिलीपासून शिकू लागली आणि त्यांच्या आया मात्र पाचवीच्या ‘जवळ असणे’वरच थांबल्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ताई पहिले तीन रविवार मागं भिंतीला टेकून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी सगळ्यांना एक काम दिलं होतं. घरात काय काय ‘आहे’ त्याची मराठीत वाक्यं लिहायची आणि वहीत रकाने पाडून वाटायची: ‘कडे-जवळ’चा रकाना, ‘ला’चा, ‘चा-ची-चे’चा, ‘अंगात’चा, ‘नावावर’चा. सगळे रकाने भरले की खाली एक आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली एकदाच ‘हॅव’ लिहायचं. बँकेत बेरीज मांडतात तसं. चौथ्या रविवारी ताईंनी वही दाखवली आणि विचारलं, ‘काका, ताप जातो, पैसा फिरतो, पोरं राहत्यात. त्या लोकांना एकच शब्द कसा काय पुरतो?’

मी पस्तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर असं, की इंग्रजी माणूस तो फरक पुढच्या शब्दावरून समजून घेतो, आणि जिथं भांडण व्हायची शक्यता असते तिथं दुसरा शब्द काढतो. मालकीच सांगायची असेल तर ‘ओन’. नुसता ताबा सांगायचा असेल तर ‘पझेशन’. हा शब्द तर आपल्याला पाठ आहे. फ्लॅटची किल्ली मिळाली की बिल्डर पझेशन लेटर देतो. अनेकांना वाटतं, पझेशन मिळालं म्हणजे झालं आपलं. पझेशन म्हणजे ताबा. मालकी वेगळी. शहरांत कितीतरी सोसायट्यांचे सभासद वर्षानुवर्षं फ्लॅटमध्ये राहतात आणि खालची जमीन मात्र अजून बिल्डरच्या नावावर असते. १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्यात जमीन संस्थेच्या नावावर करून देणं बंधनकारक होतं, तरी पुढं मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली ती याचमुळं. सातबाऱ्यावर ‘मालक’ हा शब्द शोधून बघा, तिथं ‘भोगवटादार’ दिसेल. ‘आहे’ कशाला म्हणायचं, याचा विचार आपल्या तलाठ्यानंही कमी केलेला नाही.

आता ‘हॅविंग’. कर्जाच्या अर्जात दर दुसरं वाक्य असायचं, ‘आय ॲम हॅविंग फाइव्ह एकर्स ऑफ लँड’. ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’. पदवीधर मुलं लिहायची. ‘करतो आहे’ला डुइंग, ‘जातो आहे’ला गोइंग, मग ‘आहे’ला हॅविंग, असा हिशोब मनात बसलेला. शिवाय ‘हॅविंग’ म्हटलं की वाक्य जरा भारदस्त वाटतं. जे धरून ठेवलेलं आहे त्याला हॅविंग नको, ‘आय हॅव फाइव्ह एकर्स’ पुरे. जे खातो, पितो, भोगतो, तिथं चालतं: वुई आर हॅविंग लंच. नकाराचं एक वाक्यात सांगतो. ‘आय हॅव नॉट अ पेन’ हे जुनं झालं, आता ‘आय डोंट हॅव अ पेन’ म्हणा.

राहिलं नुसतं असणं. इथं मराठीची एक सुंदर सोय आहे, जी आपल्यालाच माहीत नसते. ‘टेबलावर चेक आहे’ आणि ‘चेक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिल्यात तुम्ही मला नवीन बातमी देता, की बाबा टेबलावर काहीतरी आहे, आणि ते चेक आहे. दुसऱ्यात मी ज्या चेकबद्दल विचारत होतो तो कुठं आहे ते सांगता. आपण नुसती शब्दांची जागा बदलून हे साधतो. इंग्रजीला तसं जमत नाही, म्हणून ते सुरुवातीला ‘देअर’ आणून बसवतात: देअर इज अ चेक ऑन द टेबल. आणि दुसरं, द चेक इज ऑन द टेबल. म्हणून मी सांगतो, मनात प्रश्न विचारा. ‘काय आहे?’ याचं उत्तर असेल तर देअर इज. ‘कुठं आहे?’ याचं उत्तर असेल तर देअर नको. आमचा एक कारकून लिहायचा, ‘वन मिस्टेक इज इन द लेजर’. लेजरमध्ये काय आहे, तर चूक आहे, म्हणून देअर इज अ मिस्टेक इन द लेजर. चूक मात्र त्याची नसायची, लेजरची असायची!

या ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा नाही, हे पोरांना पटायला वेळ लागतो. ‘देअर इज अ टेंपल देअर’ यात दुसरा ‘देअर’ म्हणजे तिथे, पहिला नुसता जागा अडवून बसलेला. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. इथं आपल्याला एक फायदाही आहे. स्पॅनिशमध्ये एक असो वा शंभर, ‘आय’ असा एकच शब्द, म्हणून त्या मेक्सिकोच्या बाई ‘देअर इज थ्री चिल्ड्रन’ म्हणायच्या. आपल्याकडं आहे आणि आहेत वेगळे, त्यामुळे ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’ आपल्या बायका फारशा चुकत नाहीत. वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्या खूश झाल्या.

देवळाचं उदाहरण निघालं की मी आपलंच देतो. देअर इज अ टेंपल ॲट कुडल. भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल आपल्याच तालुक्यात, तुम्ही सगळे तिथं जाऊन आलात. तिथला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे आनंद कुंभार यांच्या अभ्यासामुळं तो लोकांपुढं आला. आजूबाजूचे जुने लेख बहुतेक कानडीत, आणि त्यात हे एक मराठी वाक्य. त्याचा अर्थ, हे वाचील तो विजयी होईल. वर्गातल्या एका पोरानं हे इंग्रजीत करताना ‘ही विल हॅव व्हिक्टरी’ लिहिलं. चूक नाही. पण दगडावर ‘होणे’ हे क्रियापद कोरलेलं आहे, म्हणून ‘ही विल बी व्हिक्टोरियस’ जास्त जवळचं. तो म्हणाला, ‘आजोबा, दोन्हीला मार्क द्या.’ दिले.

ताई नंतर शाळेच्या मीटिंगला गेल्या. काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही. मुलगी बरोबर होती एवढं कळलं. आता त्या रविवारी पंधरा मिनिटं आधी येतात आणि नव्या बायकांच्या वहीत रकाने आखून देतात. ‘नावावर’चा रकाना सगळ्यात लहान असतो, बहुतेकींच्या वहीत तो रिकामाच. त्यावर वर्गात बरीच चर्चा झाली, ती इंग्रजीची नव्हती आणि इथं सांगत नाही.

कमिटीनं हॉल दिला, फळा दिला, दिव्याचं बिल घेतलं नाही, त्याबद्दल आभार. पुढच्या रविवारी साडेदहाला ‘देअर इज’ पुन्हा घेणार आहे. येताना घरातल्या प्रत्येक खोलीत काय आहे याची दहा वाक्यं मराठीत किंवा कानडीत लिहून आणा. फळा आहे, खडू संपलेत. जमलं तर कुणीतरी एक पेटी आणा.